थांबा नको, गाडी पाहिजे

अमरावतीच्या बसस्टँडवर चांदूरच्या माणसाला आपल्या गावाचं नाव अर्धं सांगून भागत नाही. 'चांदूर' म्हटलं की कंडक्टर विचारतो, "कोणतं? बाजार का रेल्वे?" एक चांदूर अचलपूरच्या अंगाला, दुसरं वर्ध्याच्या वाटेवर, जिल्हा मात्र एकच. आमचं दुसरं. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे 'चांदूर रेल्वे'. अलीकडच्या मालखेडलाही लोक मालखेड रेल्वेच म्हणतात आणि पुढे लागतं ते धामणगाव रेल्वे. विदर्भात गावांना आडनावं असतातच. नांदगावला खंडेश्वराचं, कारंजाला लाडांचं. आमच्या वाट्याला ना देव आला ना जात, आली ती आगगाडी. धामणगावची तऱ्हा आणखी वेगळी. दत्तापूर-धामणगाव अशी ती जोडनावाची वस्ती. स्टेशनच्या पाटीवर एक नाव बसलं, दुसरं पोलीस ठाण्याच्या पाटीवर उरलं.

गंमत अशी की नरखेड-अमरावती मार्ग झाल्यापासून चांदूर बाजारलाही स्टेशन आहे. म्हणजे बाजाराला रेल्वे मिळाली आणि रेल्वेचा बाजार उठला. हा विनोद आमच्याकडे पानठेल्यावर चालतो. बाहेरच्याला कळत नाही.

अशा गावात गेली पाचेक वर्षं एकच सार्वजनिक मागणी चालू आहे : अमुक सुपरफास्टला थांबा द्या. निवेदनं जातात, कधी उपोषण होतं, कधी 'प्रायोगिक तत्त्वावर' थांबा मिळतो. मग फ्लेक्स लागतात, खासदार हिरवी झेंडी दाखवतात, इंजिनाला हार पडतो. ही मागणी चुकीची आहे असं माझं मत आहे, आणि गावात ते फारसं कुणाला पटत नाही. का चुकीची, ते कळायला ही गावं कशासाठी झाली तिथपर्यंत मागं जावं लागतं.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी डलहौसीनं हिंदुस्थानातल्या रेल्वेविषयी आपलं टिपण लिहिलं, आणि इंग्लंडला कापूस हवा आहे हे त्यात आडपडदा न ठेवता म्हटलं. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पार गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस लागला की माल खराब, शिवाय धुळीनं निम्मी रया गेलेली. मग १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचा भाव सातासमुद्रापार वाढला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ भुसावळहून पूर्वेकडे सरकत आले आणि १८६७ मध्ये नागपूरला टेकले.

रूळ कुणासाठी टाकले हे फाट्यांवरून ओळखावं. खामगाव आणि अमरावती हे कापसाचे दोन थोर बाजार मुख्य मार्गापासून जरा बाजूला पडले होते. तर १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला. अचलपूर मात्र वऱ्हाडची जुनी राजधानी. इमादशाहीचं गाव, पलटणीची छावणी, सगळा इतिहास तिथं. त्या अचलपूरला रूळ दिसायला विसावं शतक उजाडलं, तेही अरुंद. वर्धा शहराचीही कहाणी हीच. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६च्या सुमारास नवं जिल्ह्याचं ठिकाण आखलं, कारण रेल्वे तिथून जाणार होती.

आणि मधली आमची गावं? त्यांची गोष्ट साधी आहे. वाफेच्या इंजिनाला दर काही कोसांवर पाणी लागतं. पाण्यासाठी गाडी थांबली की तिथं टाकी आली, टाकीजवळ चार क्वार्टर आली, मालधक्का आला. मालधक्का आला तशी पंचक्रोशीतली बंडी, म्हणजे बैलगाडी, तिकडे वळली. गाडी थांबायची म्हणून गाव झालं. गाव होतं म्हणून गाडी थांबली असं नव्हे. हे एक वाक्य मी थांबा-समितीच्या बैठकीत बोललो तेव्हा लोकांनी चहा मागवला.

कापसाचं गणित समजल्याशिवाय या गावांचा नकाशाही समजत नाही. वेचलेला कापूस म्हणजे वजनाला कमी आणि जागेला भारी. बंडी डोंगराएवढी दिसते, काट्यावर भरते थोडकीच. त्यातही वजनाचे दोन वाटे सरकीचे आणि जेमतेम एक वाटा रुईचा. असा माल वॅगनमध्ये भरणं म्हणजे भाडं देऊन हवा पाठवणं. म्हणून स्टेशनच्या अगदी अंगाशी जिन हवं, म्हणजे सरकी तिथंच सुटेल. आणि जिनाच्या शेजारी प्रेस हवी, म्हणजे रुईची आवळून गाठ बांधता येईल. गाठ बांधली की वॅगन खऱ्या अर्थानं भरते. त्यामुळे भुसावळ-नागपूर मार्गावरच्या कुठल्याही गावात उतरा, जुना आराखडा एकच दिसतो : स्टेशन, मालधक्का, प्रेसची उंच भिंत, जिनाचं पत्र्याचं छत, सरकीची गोदामं, मग अडत्यांच्या पेढ्या आणि त्यामागे वस्ती. मूर्तिजापुरात आजही 'जुनी वस्ती' आणि 'स्टेशन विभाग' असे दोन भाग लोक वेगळे धरतात. एक गाव माणसांनी वसवलेलं, दुसरं मालानं.

माझे आजोबा अडत्याकडे मापारी होते. वजन करणारा माणूस. त्यांच्या तोंडी गाठीचा, खंडीचा, भावाचा हिशेब असे. पण गाडीत बसून ते आयुष्यात किती वेळा गेले हे बोटांवर मोजता येईल. गाडी मालाची, आपण धक्क्यावरचे, हे त्यांच्या पिढीला स्वच्छ ठाऊक होतं. आपल्याला ते विसरायला झालं.

या व्यापारात लूट होती हे सांगायला नको. वजनात मारायचं, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, वर धर्मादाय आणि कसरीच्या नावानं कापून घ्यायचं. पण एक गोष्ट वऱ्हाडानं देशाच्या आधी केली. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमानं १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रणाखाली आणला गेला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतीच्या अभ्यासक्रमात त्याचंच नाव येतं. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. पुढच्या सगळ्या बाजार समित्या, महाराष्ट्राचा १९६३चा कायदासुद्धा, त्याच वाटेनं आल्या. अर्थात इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं नाही. लँकेशायरला भेसळ नसलेला कापूस वेळेवर हवा होता. पण नियम झाले, आणि नियमाच्या आधारानं भांडायची सवय लागली. ही सवय रेल्वेच्या बाबतीत आम्हाला कधीच लागली नाही, माझी खंत ती आहे.

रेल्वेगावाचा स्वभाव खेड्याहून वेगळा असतो. तिथं गढी नसते. पाटलाचा वाडा असला तरी तो गावाच्या मध्यावर नसतो, कारण मध्यावर स्टेशन असतं. मारवाडी, कच्छी, गुजराती, बोहरी पेढ्या, उत्तरेकडचा पॉइंट्समन, आंध्रातून आलेला फिटर, आणि आजूबाजूच्या चाळीस खेड्यांतले हमाल. कुणी कुणाचा बलुतेदार नाही. जिनातल्या बाईला संध्याकाळी नगद मजुरी मिळायची. ती कमी होती, धुळीनं छाती भरायची, पण ती धान्याच्या पसाभर दाण्यांत मोजलेली नव्हती. गावकीतून सुटलेल्या कितीतरी दलित कुटुंबांची पहिली नगद कमाई अशा जिनांत, मालधक्क्यांवर आणि नागपूरच्या गिरण्यांत झाली. स्टेशनच्या बाकावर कोण बसलं हे विचारायची सोय नव्हती. म्हणजे भेदाभेद नव्हता असं मी म्हणत नाही. पाण्याच्या माठापाशी तो होताच. पण सुटायला एक वाट होती आणि ती रुळांवरून जायची.

व्यापाऱ्यांचा पैसा सगळाच तिजोरीत गेला असंही नाही. धर्मशाळा झाल्या, शाळा झाल्या. धामणगावचं से. फ. ला. हायस्कूल आजही तालुक्याच्या अभिमानाचा विषय आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी ढोरं राखत वाढलेले गाडगेबाबा पुढे धर्मशाळांसाठी पैसा मागत हिंडले तेव्हा त्यांना देणाऱ्यांत हेच पेढीवाले होते. फाटक्या कपड्यातल्या माणसाला मुक्कामाची जागा हवी, हे ज्यानं ओळखलं तो रेल्वेच्या मुलखातला माणूस होता, हा योगायोग मला वाटत नाही. गाडी चुकलेला माणूस त्यानं रोज पाहिला असणार.

मग हे सगळं कसं आटलं? लोक म्हणतात कापूस संपला. कापूस कुठं संपला? सोयाबीननं जागा खाल्ली हे खरं, तरी कपाशी अजून आहे. आटली ती रुळावरची वाट. एके काळी छोटा व्यापारी एखादी वॅगन भरून माल पाठवू शकत होता. पाच-दहा पोती 'पार्सल' सुद्धा जायची. पुढे रेल्वेनं ठरवलं की सुटी वॅगन परवडत नाही, पूर्ण रेक भरा. पूर्ण रेक म्हणजे चाळीस-पन्नास वॅगन एका दमात. कोळसा, सिमेंट, पोलाद, खत असा माल असेल तरच ते जमतं. चांदूरच्या अडत्याला कुठून जमणार? त्यानं ट्रक बोलावला. ट्रक जिनाच्या दारात येतो, म्हणून जिनाला स्टेशनपाशी असायची गरज उरली नाही. नवी जिनं हायवेला गेली. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, त्यात सरकारच व्यापारी झालं. तीस वर्षांनी तीही गुंडाळली गेली. स्टेशनजवळच्या जुन्या जिनांच्या जागी आता लेआउट पडले आहेत. आमच्या आजोबांच्या काट्याच्या जागेवर एक लॉन आहे, लग्नाचं. नावाला गवत, बाकी पेव्हर ब्लॉक.

धामणगावच्या मालधक्क्यावर मात्र अजून रेक लागते : खताची. पूर्वी या धक्क्यावरून पांढरं बाहेर जायचं, आता पांढरं आत येतं. तेव्हा कापूस, आता युरिया. विदर्भाच्या शेतीचा दीडशे वर्षांचा हिशेब एवढ्यात मावतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

माल गेला, तरी गाव मेलं नाही. त्याला जगवलं अपडाऊननं. आमच्याकडे हे क्रियापदच आहे. "पोट्टा काय करते?" "अमरावतीले कॉलेजात हाय, अपडाऊन करते." मास्तर, नर्स, तलाठी, बँकेतला कारकून, दुधाचे कॅन घेतलेला माणूस, भाजीची टोपली घेतलेली बाई, सेवाग्रामच्या दवाखान्यात निघालेला पेशंट आणि त्याच्यासोबतचे तिघं. बडनेरा ते वर्धा सुमारे ९५ किलोमीटर. टिमटाळा, मालखेड, चांदूर, दिपोरी, धामणगाव, तळणी, पुलगाव, कवठा, दहेगाव असे बारके-मोठे ठेपे. पॅसेंजर या प्रत्येक ठिकाणी थांबायची. मी तीन वर्षं तिच्यातून कॉलेज केलं. महिन्याचा पास एसटीच्या आठवड्याच्या तिकिटापेक्षा फारसा जास्त नव्हता. आमच्या वर्गातल्या खेड्यांतल्या मुली शिकल्या, त्यांचं श्रेय कुणी सावित्रीबाईंना देतं, कुणी शासनाला. दोघांनाही द्यावं, पण थोडं त्या पासाला आणि बायांच्या डब्यालाही द्यावं. बाप लोकांचं गणित सोपं होतं : पोरगी सातच्या गाडीनं जाते, गावातल्याच चार मास्तरणींसोबत जाते, पाचच्या गाडीनं येते. गाडी बंद झाली की हे गणित मोडतं आणि पहिली घरी बसते ती पोरगी. पोरगा मोटारसायकल मागतो.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. ते सगळ्या देशात झालं, त्याची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. गाड्या सुरू झाल्या त्या 'स्पेशल' होऊन. पॅसेंजरच्या डब्यात बसायला एक्स्प्रेसचं भाडं, किमान १० रुपयांचं तिकीट ३० ला. नव्या वेळापत्रकात ठिकठिकाणचे थांबे गळाले. त्यात २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला तो २०२२च्या एप्रिलपर्यंत. म्हणजे कित्येक महिने खेड्यातल्या माणसाकडे ना परवडणारी गाडी, ना बस. काळी-पिवळीत चौदा माणसं कोंबून लोक गेले. किमान भाडं पुन्हा १० रुपयांवर आलं ते फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी. चार वर्षं. कॉलेजचं शिक्षण तीन वर्षांचं असतं.

या चार वर्षांत आम्ही काय मागितलं? सुपरफास्टला थांबा.

हा थांबा कुणाला लागतो ते पाहू. ज्याचा मुलगा पुण्याला आयटीत आहे, ज्याची मुलगी मुंबईला दिली आहे, ज्याला दिवाळीत रिझर्व्हेशन करून जायचं आहे. त्यांची गरज खोटी नाही. मीही त्यातलाच एक आहे. पण ती वर्षातून चारदा लागणारी गरज आहे. रात्री अडीच वाजता दोन मिनिटं थांबलेल्या गाडीचा तळणीच्या नर्सला काय उपयोग? उलट रेल्वेला आयतं कारण मिळतं. थांबा दिला, तिकिटं किती खपली ते मोजलं, कमी भरली म्हणून सहा महिन्यांनी काढला. आम्ही पुन्हा उपोषणाला.

रेल्वेचा आक्षेपही नीट ऐकला पाहिजे, तो निव्वळ माज नाही. हा हावडा-मुंबई मार्ग आहे. कोळशाच्या रेक, लांबच्या एक्स्प्रेस, सगळं दोन रुळांवर दाटलेलं. वीस-बावीस डब्यांची गाडी वेगात असताना थांबवायची आणि पुन्हा त्या वेगाला आणायची यात दोन मिनिटांचा थांबा दोन मिनिटांत संपत नाही. मागच्या गाड्यांची रांग सरकते. म्हणूनच मी म्हणतो की लांबची गाडी थांबवू नका. तिच्याऐवजी भुसावळ-अकोला, अकोला-बडनेरा, बडनेरा-वर्धा अशा पट्ट्यांत मेमू, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाड्या, चालवा. मेमूच्या रचनेतच थांबणं आहे. इंजिन एका टोकाला नसतं, मोटारी गाडीभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे ती झटकन उचलते आणि झटकन उभी राहते. मुंबईच्या लोकलला जे जमतं ते वऱ्हाडात जमणार नाही असं का? मार्गावर वीज आहे, फलाट आहेत, माणसं आहेत.

जागा नाही, हे उत्तर आता फार दिवस टिकणारं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. ३१४ किलोमीटर. या मार्गासाठी जिथं जिथं जमीन लागेल तिथं ती आमच्याच शेतांतून जाणार आहे. बोलायची वेळ ही आहे. रूळ पडून वेळापत्रक ठरल्यावर जाग आली तर मोकळी झालेली जागा पुन्हा कोळशाला आणि लांबच्या गाड्यांना जाईल, आणि आमच्या हाती मोबदल्याचा चेक आणि एखादा प्रायोगिक थांबा.

असं होतं हे आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. समृद्धी महामार्ग धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतूनच गेला. शेतं त्यात गेली. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, तीनचाकीलाही. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे वाहन म्हणून फक्त मोटारसायकल आहे, त्याला आपल्याच जुन्या धुऱ्यावरून जाता येत नाही. १८६७च्या रुळांमध्ये आणि या रस्त्यामध्ये फरक एवढाच की त्या इंजिनाला तहान लागायची.

आता शकुंतलेबद्दल. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी. सुमारे १९० किलोमीटर. किलिक-निक्सन कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला डिझेलनं बदललं जाईपर्यंत धूर काढत होतं. बनोसा, कापूसतळणी, पथ्रोट, कारंजा, दारव्हा, लाडखेड. नुसती स्टेशनांची नावं घेतली तरी आमच्याकडे डोळे पाणावतात. गार्डच तिकीट फाडायचा, तोच पुढं जाऊन फाटक लावायचा, वगैरे कथा सगळ्यांना पाठ. दर दोन-तीन वर्षांनी बातमी येते की 'आजही खासगी मालकीची, इंग्रजांच्या वेळची गाडी'. रेल्वे कंपन्यांच्या १९५१च्या सरकारी एकत्रीकरणात ती सुटली, हे खरंच विलक्षण आहे. पण या नवलाईनं तिचं नुकसान केलं असं मला वाटतं. आम्ही तिला आजीच्या ट्रंकेतल्या शालूसारखं वागवलं. कौतुक खूप, वापर नाही. ती तासाला किती किलोमीटर जाते, सकाळच्या शाळेच्या वेळेला कारंज्याला पोचते का, दारव्ह्याच्या आजाऱ्याला तिचा उपयोग आहे का, हे प्रश्न आंदोलनात कमी आणि आठवणी जास्त. २०१६ मध्ये ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली. त्यानंतर गाडीही बंद आणि ब्रॉडगेजही नाही. रुळांमध्ये बाभळी वाढल्या.

यवतमाळकरांनी याच काळात दुसरा रस्ता धरला. ते वर्षानुवर्षं मोठ्या गाडीसाठी धामणगावला उतरत आले. इंग्रजांच्या गॅझेटिअरातही यवतमाळचं जवळचं स्टेशन म्हणून धामणगावचंच नाव आहे. त्यांनी वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा पाठपुरावा चालू ठेवला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यातला वर्धा-कळंब हा पहिला तुकडा सुरू झाला. फार उशीर, फार थोडं. तरी रूळ पडले. आठवणीवर रूळ पडत नाहीत, हे त्यांनी आमच्याआधी ओळखलं.

'एसटी आहे ना' असं कुणी म्हणेल. आहे, आणि २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे ही मोठी गोष्ट आहे. त्यामुळे रेल्वेच्या पासाचा फायदा बायांपुरता कमी झाला हे मान्य केलं पाहिजे. पण बस गावात येईल तेव्हा अर्धं तिकीट. आमच्या आतल्या खेड्यांत दिवसाला दोन फेऱ्या, त्यातली एक बिघडलेली. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तीही नाही. रूळ उंच भरावावर असतात. पूर आला तरी दहापैकी नऊ वेळा गाडी जाते.

'तोटा होतो' असं दुसरा म्हणेल. होतो. पॅसेंजर गाडी तिकिटावर कधीच नफा करत नव्हती. तिचा खर्च कायम मालगाडीनं भरून काढला. आमचं म्हणणं एवढंच की दीडशे वर्षं या मार्गावरून जो माल गेला, आधी कापूस आणि आता कोळसा, त्याच्या खात्यात या गावांचाही थोडा हिस्सा धरा. गावच्या रस्त्यावर डांबर टाकताना कुणी विचारत नाही की या रस्त्यानं महिन्याला किती उत्पन्न दिलं. मग रुळाला का विचारता?

त्यातही विरोधाभास असा की स्टेशनं सजवायला पैसा आहे. २०२३ मध्ये अमृत भारत योजनेत धामणगाव, पुलगाव, मूर्तिजापूर ही नावं आली. नवा दर्शनी भाग, नवे दिवे, पार्किंग. चांगलं आहे, प्रसाधनगृह तर हवंच होतं. पण रात्री दिव्यांत न्हालेलं स्टेशन आणि त्यात एकही लोकल गाडी थांबत नाही असं होऊ नये. नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात काढली आणि लग्नच लावलं नाही, त्यातली गत.

दोष आमचाही मोठा आहे. गावात ज्यांचं ऐकलं जातं ते सगळे चारचाकीवाले. व्यापारी, डॉक्टर, पुढारी, आणि आमच्यासारखे नोकरीतून निवृत्त झालेले. आम्ही कधीच पॅसेंजरमध्ये बसत नाही. जी बसते ती बाई निवेदन देत नाही. तिला कळतही नाही की निवेदन कुणाला द्यायचं. पासधारकांची संघटना मुंबईत आहे, पुण्यात आहे, आमच्याकडे नाही. आमच्याकडे थांबा-समिती आहे, आणि तिच्यात पासधारक एकही नाही. मी मोजून पाहिलं.

मागच्या महिन्यात त्या समितीच्या बैठकीत मी एक कागद मांडला. त्यात सुपरफास्टचं नाव नव्हतं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ या वेळेत बडनेरा-वर्धा दरम्यान दोन्ही बाजूंनी दर दीड तासाला एक मेमू. दिपोरी आणि तळणीसकट सगळे थांबे. आणि तिसऱ्या-चौथ्या मार्गाच्या आराखड्यात ती आधीच धरलेली असावी. खाली सह्यांसाठी जागा. बाराजणांनी सह्या केल्या. दोघांनी कागद वाचून परत केला. त्यातल्या एकाची मुलगी पुण्याला असते. ते म्हणाले, "भाऊ, मेमू ठीक हाय, पण पुण्याच्या गाडीचं पण टाका ना एक ओळ." मी टाकली नाही. तेव्हापासून सकाळी फिरायला जाताना आम्ही फलाटाच्या दोन वेगवेगळ्या टोकांनी फिरतो.